खांद्याची भूल आणि श्वासाचा शेजार

खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यावर काही रुग्ण एक तक्रार करतात आणि ती ऐकून नातेवाईक बुचकळ्यात पडतात. "खांदा अजिबात दुखत नाही हो डॉक्टर, हात तर माझा आहे असंही वाटत नाही, पण श्वास पुरत नाही." ऑपरेशन खांद्याचं, सुई टोचली मानेत, मग श्वासाचा इथे काय संबंध? कुणी हृदयाची शंका घेतं, कुणी म्हणतं भूल जास्त झाली असणार. मी भूलतज्ज्ञ आहे. हा प्रश्न मला ऑपरेशन थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या अनेकदा विचारला गेला आहे. तिथे दोन वाक्यांत द्यावं लागणारं उत्तर खरं तर बरंच लांबचं आहे. ते गर्भाच्या चौथ्या आठवड्यापासून सुरू होतं आणि रुग्णाच्या सहीच्या कागदापाशी येऊन थांबतं.

भूल म्हटलं की बहुतेकांना झोपवणारी भूल आठवते. दुसरी तऱ्हा म्हणजे शरीराचा हवा तेवढाच भाग बधिर करणं. सिझेरियनच्या वेळी पाठीत देतात ती भूल आता घरोघरी माहीत झाली आहे. हातासाठी आणि खांद्यासाठी असंच इंजेक्शन मानेत, कॉलरबोनजवळ किंवा काखेत देता येतं. त्याला 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात. मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि चेतातंतूलाही; या लेखात नस म्हणजे चेतातंतूच समजावा. बधिर करणारं औषध नसेच्या आवरणातले सोडियमचे सूक्ष्म दरवाजे काही तास बंद करून ठेवतं. दरवाजे बंद, की संदेश बंद. खांद्याकडून मेंदूकडे जाणारी वेदना अडते, तसाच मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा हुकूमही अडतो. म्हणून हात दुखत नाही आणि उचलताही येत नाही. या औषधाला नसांची नावं वाचता येत नाहीत. ते ज्या नसेपर्यंत पोचेल तिला बधिर करतं, मग ती आपल्याला हवी असो वा नसो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. फाटलेली स्नायुबंधनं शिवणं, मोडलेल्या हाडाला पट्टी लावणं, झिजलेला सांधा बदलणं अशा खांद्याच्या शस्त्रक्रियांनंतरची पहिली रात्र फार वाईट असते. कूस बदलता येत नाही, खोकलं तरी कळ डोक्यापर्यंत जाते. या वेदनेवर मॉर्फिनच्या जातीची औषधं चालतात, पण त्यांनी मळमळतं, गुंगी येते आणि मेंदूकडून श्वासाला मिळणारी चालनाच मंदावते. म्हणजे ब्लॉक टाळला, की श्वासाचा प्रश्न आपोआप मिटतो असं नाही. मानेतल्या एका इंजेक्शनने मात्र बारा-पंधरा तास शांत जाऊ शकतात. म्हणून ही पद्धत जगभर रुळली, आपल्याकडेही रुळली.

आता मानेचा नकाशा पाहू. मानेच्या दोन्ही अंगांना 'स्केलीन' नावाचे स्नायू मणक्यांपासून निघून वरच्या बरगड्यांवर उतरतात. विषमभुज त्रिकोणासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्यावरून त्यांना हे नाव मिळालं. पुढचा स्केलीन आणि मधला स्केलीन यांच्यामध्ये एक खाच असते. त्या खाचेतून मज्जारज्जूपासून निघालेल्या हाताच्या नसांची मुळं बाहेर पडतात. त्यांच्या जाळ्याला 'ब्रेकियल प्लेक्सस' म्हणतात. या जाळ्यातली पाचवी आणि सहावी मुळं मुख्यतः खांद्याची. भूलतज्ज्ञाची सुई याच खाचेत शिरते, म्हणून या ब्लॉकचं नाव 'इंटरस्केलीन', म्हणजे दोन स्केलीनांच्या मधला.

पुढच्या स्केलीनच्या दर्शनी अंगावरून आणखी एक नस खाली उतरते. ती खांद्याची नाही आणि हाताचीही नाही. मानेत उगम पावून ती छातीत शिरते, हृदयाच्या आवरणाला लागून जाते आणि थेट श्वासपटलावर पोचते. हिचं नाव फ्रेनिक नर्व्ह. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला स्नायू म्हणजे श्वासपटल. श्वास घेताना तो खाली सरकतो, फुप्फुसांना जागा मिळते, पोट किंचित पुढे येतं. शांत बसलेल्या माणसाच्या श्वासातलं बहुतांश काम हा एकटा स्नायू करतो. त्याच्या उजव्या अर्ध्या भागाला उजवी फ्रेनिक नस चालवते आणि डाव्या अर्ध्या भागाला डावी.

ही नस तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांतून बनते. म्हणजे खांद्याचं पाचवं मूळ दोघींना सामाईक आहे. कंठमण्याच्या जरा खाली कूर्चेची एक कडी हाताला लागते. त्या पातळीला फ्रेनिक नस आणि खांद्याचं पाचवं मूळ यांच्यातलं अंतर सुमारे 2 मिलिमीटर असतं. तिथून प्रत्येक सेंटिमीटर खाली उतरताना ते साधारण 3 मिलिमीटरने वाढत जातं. इंटरस्केलीन ब्लॉक पारंपरिक पद्धतीने दिला जातो तो नेमका या कडीच्या पातळीला, जिथे दोघी अगदी अंगाला अंग लावून असतात. शिवाय औषध वरच्या मुळांकडेही चढतं. शेजारच्या घरात पाणी शिरणार हे इथे जवळजवळ ठरलेलंच.

पण पोटाच्या वर असलेल्या स्नायूची नस मानेत काय करते आहे? बरगड्यांमधल्या स्नायूंच्या नसा त्यांच्या शेजारच्या मणक्यांतूनच निघतात. श्वासपटलालाही तसं करता आलं असतं. याचं उत्तर गर्भात आहे. चौथ्या आठवड्यात गर्भाचं हृदय मानेच्या पातळीला असतं आणि श्वासपटलाचा मूळ पडदाही तिथेच, मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या खंडांसमोर तयार होतो. नंतर गर्भ वाढतो, लांबतो आणि पडदा खाली खाली सरकत आठव्या आठवड्याच्या सुमारास आपल्या कायमच्या जागी येतो. येताना आपली नस तो सोबत ओढत आणतो. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाच्या सात-बाऱ्यावर जुन्या गावचं नाव राहावं, तसा श्वासपटलाचा मानेशी संबंध राहिला आहे.

या जुन्या नात्याचा पुरावा पुष्कळांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलेला असतो. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्यावर दुसऱ्या दिवशी रुग्ण म्हणतो, "पोट ठीक आहे, खांदा का दुखतोय?" शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी वायू सोडलेला असतो, त्यामुळे श्वासपटल चुरचुरतं. ती चुरचुर फ्रेनिक नसेतून मानेच्या मुळांपर्यंत जाते. खांद्याच्या टोकावरच्या त्वचेची संवेदनाही त्याच मुळांकडे येते, आणि मेंदू पत्ता चुकतो. श्वासपटल दुखलं तर खांदा बोलतो आणि खांदा बधिर केला तर श्वासपटल गप्प होतं, अशी ही दोन्ही बाजूंनी चालणारी देवाणघेवाण आहे.

'फ्रेनिक' हा शब्दही गमतीचा आहे. ग्रीक भाषेत 'फ्रेन' म्हणजे श्वासपटलाचा भाग आणि 'फ्रेन' म्हणजे मनही. मनाचा वास तिथे असतो अशी त्यांची समजूत होती. स्किझोफ्रेनिया या शब्दातला 'फ्रेन' तो हाच. आपल्याकडे 'दम' या एका शब्दात श्वास आहे, ताकद आहे, धीर आहे आणि धमकीसुद्धा आहे. दम लागतो, दम खातो, दम धरतो, दम देतो. त्यामुळे "दम लागतो का?" असं विचारलं, की रुग्ण नुसतं फुप्फुसाबद्दल सांगत नाही, आपल्या घाबरण्याबद्दलही सांगतो. ते दोन्ही ऐकावं लागतं.

थोडा इतिहास. 1884 साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवलं. लगोलग अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी हाताच्या नसांचं जाळं उघडं करून त्यावर कोकेनचा प्रयोग केला. 1911 साली जर्मनीत हिर्शेल यांनी काखेतून आणि कुलेनकाम्फ यांनी कॉलरबोनच्या वरून, त्वचा न कापता, नुसत्या सुईने ही भूल देण्याची रीत सांगितली. कुलेनकाम्फ यांनी तर ती आधी स्वतःवर करून पाहिली.

त्याच वर्षी, त्याच देशात, फ्रेनिक नसेची वेगळीच कथा सुरू झाली. श्टुर्ट्झ यांनी सुचवलं, की क्षयरोग्याची फ्रेनिक नस मुद्दाम कापली तर त्या बाजूचं श्वासपटल वर चढून स्थिर राहील, रोगट फुप्फुस दबेल आणि त्याला विश्रांती मिळेल. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न हाच उपचार. पुढे नस कायमची कापण्याऐवजी चिमट्याने चिरडण्याची पद्धत आली, म्हणजे काही महिन्यांनी ती पुन्हा वाढून कामाला लागे. स्ट्रेप्टोमायसीन आणि त्यामागून इतर औषधं येईपर्यंत सॅनेटोरियममध्ये हा उपचार चालू होता. आज आम्ही जे टाळण्यासाठी धडपडतो, ते तेव्हा उपचार म्हणून केलं जात होतं. त्यातून एक गोष्ट मात्र सिद्ध झाली होती: अर्धं श्वासपटल लुळं पडलं तरी माणूस जगू शकतो.

1970 साली शिकागोच्या अलोन विनी यांनी इंटरस्केलीन ब्लॉकची आजची रीत मांडली. या भुलेने फ्रेनिक नस अधूनमधून बधिर होते हे भूलतज्ज्ञांना ठाऊक होतं, पण किती वेळा याचा नीट हिशेब नव्हता. तो 1991 साली न्यूयॉर्कच्या विल्यम उर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी ब्लॉक दिलेल्या 13 रुग्णांचं श्वासपटल सोनोग्राफीने पाहिलं. तेराच्या तेरा जणांमध्ये त्या बाजूचं श्वासपटल लुळं पडलं होतं. पुढच्या अभ्यासात त्यांनी फुप्फुसाची क्षमता मोजली. छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडताना जेवढी हवा बाहेर पडते, ती सुमारे 27 टक्क्यांनी घटली होती. ज्याला आपण क्वचित होणारा त्रास समजत होतो, तो या भुलेचा नियम निघाला. मानेची रचनाच तशी असल्यामुळे निष्णात हातही त्यातून सुटत नव्हते.

मग सगळेच रुग्ण धापा का टाकत नाहीत? कारण बहुतेकांकडे शिल्लक असते. निरोगी माणूस रोजच्या श्वासासाठी आपल्या क्षमतेचा लहानसा हिस्साच वापरतो. अर्धं श्वासपटल थांबलं, की दुसरं अर्धं आणि बरगड्यांमधले स्नायू काम वाटून घेतात. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा बहुधा हलतही नाही. काहींना फक्त 'श्वास पोटापर्यंत जात नाही' असं वाटतं. आडवं झालं, की हे जास्त जाणवतं, कारण पोटातले अवयव लुळ्या पडद्याला वर ढकलतात. सोनोग्राफीत तर उलटाच खेळ दिसतो. जोरात हुंगायला सांगितलं, की चांगली बाजू खाली जाते आणि लुळी बाजू वर चढते. यासोबत कधी त्या बाजूची पापणी किंचित उतरते, डोळ्याची बाहुली लहान होते किंवा आवाज बसतो. घरच्यांना अर्धांगवायूची भीती वाटते. पण हेही मानेतल्या शेजारच्या नसा बधिर झाल्यामुळेच होतं आणि औषध उतरलं, की जातं.

खरा प्रश्न ज्यांच्याकडे शिल्लक नाही त्यांचा आहे. समजा, एकाच दिवशी एकाच शस्त्रक्रियेसाठी दोन रुग्ण आले. एक पस्तिशीचा क्रिकेट खेळणारा तरुण. दुसरी साठी उलटलेली बाई, अंगणात घसरून खांदा मोडलेली. बिडी-सिगारेट तिने आयुष्यात ओढलेली नाही, म्हणून घरचे सांगतात, "छातीचं काही नाही." पण चाळीस वर्षं तिने धुरकट स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या आहेत. चुलीच्या धुराने श्वासनलिका तशाच खराब होतात जशा तंबाखूच्या धुराने. जिना चढताना ती मध्ये दोनदा थांबते आणि त्याला वयाचं नाव देते. तरुणाच्या क्षमतेतून चौथा हिस्सा गेला, तर त्याला कदाचित कळणारही नाही. तिच्यातून तेवढाच गेला, तर तिला ऑक्सिजन, कदाचित श्वासाचं यंत्र लागेल. इंजेक्शन तेच, औषध तेच, परिणामाची किंमत वेगळी. म्हणून मी अशा बाईंना "दम्याचा त्रास आहे का?" एवढंच विचारत नाही. "मावशी, पाण्याची घागर घेऊन किती पावलं चालता? रात्री उशा किती लागतात?" असं विचारते. उत्तरात फुप्फुसाचा अर्धा अहवाल मिळतो.

दमा किंवा जुना श्वासविकार बळावलेला, वजन फार जास्त, दुसऱ्या बाजूचं फुप्फुस काढलेलं किंवा दुसऱ्या बाजूचं श्वासपटल आधीच कमजोर, अशा रुग्णांना हा ब्लॉक फार विचारपूर्वक द्यावा लागतो किंवा टाळावाच लागतो. दोन्ही खांद्यांना एकाच वेळी तो देत नाहीत, याचं कारणही आता वाचकांच्या ध्यानात आलं असेल.

गेल्या वीस वर्षांत या प्रश्नावर बरंच काम झालं. सोनोग्राफीमुळे नस आणि सुई पडद्यावर दिसू लागली, तेव्हा औषध कमी करता आलं. 2008 साली टोरांटोतल्या एका अभ्यासात 20 मिलिलिटर औषध दिलेल्या सगळ्यांचं श्वासपटल लुळं पडलं. 5 मिलिलिटर दिलेल्यांत ते प्रमाण 45 टक्क्यांवर आलं आणि वेदना तितक्याच थांबल्या. औषधाचा एक छोटा चमचा पुरला, तरी जवळजवळ निम्म्या लोकांत शेजारघरी पाणी शिरलंच. मग जागा बदलण्याचा विचार पुढे आला. पाचवं आणि सहावं मूळ खाली एकत्र येऊन एक जाड फांदी बनते. तिथवर फ्रेनिक नस बरीच दूर गेलेली असते. त्या फांदीभोवती औषध द्यायचं, याला 'सुपीरिअर ट्रंक ब्लॉक' म्हणतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, 126 रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या ब्लॉकमध्ये श्वासपटल लुळं पडण्याचं प्रमाण सुमारे 71 टक्के होतं. या नव्या जागी ते 5 टक्क्यांच्या आत आलं. आणखी पुढे जाऊन खांद्याच्या सांध्याला पोचणाऱ्या दोन शेवटच्या नसाच वेगवेगळ्या बधिर करता येतात. त्यात वेदना थांबण्यात थोडी कसर राहते, पण श्वास सुरक्षित राहतो. चुलीपुढच्या त्या बाईंसाठी आज मी याच वाटांचा विचार आधी करते.

त्रास झालाच तर काय करायचं? सर्वांत आधी दुसरी काही कारणं नाहीत ना, हे पाहायचं. फुप्फुसाभोवती हवा शिरली आहे का, औषध रक्तात जाऊन बाधलं आहे का, हृदयाचं काही आहे का, हे तपासायचं. मग रुग्णाला आरामखुर्चीत बसल्यासारखं उठवून टेकवायचं. पोटातले अवयव खाली सरकतात आणि अनेकदा एवढ्यानेच चेहरा मोकळा होतो. गरज पडली तर ऑक्सिजन, त्याहून जास्त गरज पडली तर मास्कने किंवा यंत्राने श्वासाला आधार. आणि वाट पाहणं. औषध उतरतं तशी नस जागी होते. हाताची बोटं हलू लागली, की श्वासही पुढच्या काही तासांत भरू लागतो, असा माझा अनुभव आहे.

क्वचित, फारच क्वचित, नस जागी होत नाही. सुईची इजा, औषधामुळे आलेली सूज, भोवतीच्या पेशीजालात पडलेले व्रण अशी कारणं सांगितली जातात. आठवडे उलटूनही जिना चढताना धाप लागत असेल, आडवं झोपवत नसेल, तर "अशक्तपणा आहे" म्हणून सोडून देऊ नये. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये एक बाजू नको इतकी वर चढलेली दिसते. बऱ्याच नसा काही महिन्यांत सावरतात. ज्या सावरत नाहीत त्यांच्यासाठी सैल पडलेल्या श्वासपटलाला चुण्या घालून ते ताणून बसवण्याची शस्त्रक्रिया आहे, नसेवरच्या शस्त्रक्रियाही आहेत.

राहता राहिला तो सहीचा कागद. ऑपरेशनआधीच्या संमतिपत्रात 'श्वसनास त्रास होण्याची शक्यता' असे शब्द दहा-बारा धोक्यांच्या यादीत कुठेतरी असतात. रुग्ण ते वाचत नाही, वाचलं तरी त्यातून काही कळत नाही. मला वाटतं, इथे शक्यता हा शब्दच अपुरा आहे. जी गोष्ट जुन्या रीतीने दिलेल्या भुलेत जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात घडते, ती धोक्यांच्या यादीत लपवायची नसते. आधी उघड सांगायची असते. "काका, उद्या दुपारपर्यंत या बाजूने श्वास उथळ वाटेल. घाबरू नका, टेकून बसा, रात्री दोन-तीन उशा घ्या. पण बोलताना दम लागला, ओठ निळसर दिसले किंवा छातीत दुखलं, तर लगेच सांगा." हे बोलायला एक मिनिट लागतं. ज्याला हे आधी सांगितलेलं असतं तो रात्री अडीच वाजता श्वास आखूड वाटला, तरी उशी सरळ करतो आणि सकाळची वाट पाहतो. ज्याला सांगितलेलं नसतं त्याला तोच श्वास शेवटचा वाटतो.

वाचकांपैकी कुणाच्या घरी खांद्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. भूल मानेत देणार का, आणि नेमकी कोणत्या पातळीला? माझ्या फुप्फुसांची शिल्लक पाहता ती मला झेपेल का, नसेल तर दुसरी वाट कोणती? आणि घरी गेल्यावर रात्री श्वास अपुरा वाटला, तर कुणाला फोन करायचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नंबरासकट कागदावर लिहून घ्यावं आणि तो कागद उशाशी ठेवावा.